हरळी, रांगोळी आणि सात नंबरचं आयर्न

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरकडचा कास्तकार ज्या गवताला उभ्या जन्मात माफ करत नाही, ते गवत म्हणजे हरळी. ती कपाशीत घुसली की निंदून काढायची, डवरा फिरवायचा, तरी तिच्या कांड्या जमिनीखाली जिवंत राहतात आणि पुढच्या पावसात पुन्हा डोकं वर काढतात. देवघरात दूर्वा म्हणून तिला मान मिळतो, वावरात शिव्या मिळतात. वनस्पतिशास्त्रात तिचं नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. जगभरातल्या उष्ण प्रदेशांत गोल्फची मैदानं ज्या गवतावर पसरली आहेत त्याला गोल्फवाले ‘बर्म्युडा’ म्हणतात. ते बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच. तीच, नाहीतर तिच्या संकरातून काढलेले वाण.

गोल्फ आपल्या मातीपासून फार लांबचा खेळ आहे, असं समजून कितीतरी जण तो सुरू होण्याआधीच सोडून देतात. समुद्रपुरात गोल्फचं मैदान नाही, हे खरं. जवळची मैदानं नागपूर-कामठीकडे, आणि तिथे लष्कराची किंवा क्लबाची परवानगी लागते. महिन्यातून एखादी फेरी घडली तरी खूप. पण नवशिक्याच्या खेळातला मोठा भाग मैदानाबाहेर घडवता येतो. त्याला लागते थोडी मोकळी जमीन, रोजचा अर्धा तास आणि सोसवेल असं हवामान. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्रपुरात या तिन्ही गोष्टी एकदमच हाताशी असतात.

इथला हिवाळा, तिकडचा हिवाळा

हिवाळ्यात गोल्फ कसा सुधारावा, यावरचा बहुतेक सल्ला थंड देशांतून आलेला आहे. या खेळाचे नियम ज्या स्कॉटलंडातल्या सेंट अँड्र्यूजमधून ठरत आले, तिथे डिसेंबरात दुपारी चारच्या आतच अंधारून येतं आणि जमीन चिंब असते. म्हणून तिकडचा खेळाडू घरात गालिच्यावर पटर (चेंडू होलमध्ये घरंगळवायची काठी) फिरवतो आणि वसंताची वाट पाहतो. आपल्याकडे त्या सल्ल्याची दिशाच उलटी करावी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो तेव्हा दुपारी वावरात उभं राहवत नाही. जुलैत काळ्या मातीत पाय टाकला की चप्पल रुतून बसते. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटे १२-१३ अंश आणि दुपारी २८-२९ अंश, कोरडी हवा, स्वच्छ ऊन. सोयाबीन निघून गेलेलं असतं, हरभरा-गव्हाची पेरणी आटोपलेली असते, आणि खळ्याची जागा काही दिवस रिकामी मिळते. आपला हिवाळा हाच गोल्फचा हंगाम.

सामान फार लागत नाही. गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात. खेळाच्या क्लबाशी गल्लत नको म्हणून इथे काठीच म्हणू. नियमानुसार जास्तीत जास्त १४ काठ्या बाळगता येतात, कमीत कमी किती याचं बंधन नाही. हिवाळ्याच्या सरावाला तीन पुरतात: सात नंबरचं आयर्न (मध्यम लांबीच्या फटक्यांसाठी), एक वेज (जवळच्या, उंच फटक्यांसाठी) आणि एक पटर. जुन्या घेतल्या तरी चालतं.

याहून कमी सामानात खेळणारी माणसं महाराष्ट्रातच आहेत. चेंबूरला १९२७ साली स्थापन झालेलं बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचं मैदान आहे. तिथे इतरांच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडींनी शेजारच्या वस्तीत स्वतःचा गोल्फ उभा केला: लोखंडी सळई वाकवून केलेली काठी, प्लास्टिकचा चेंडू, आणि घरांच्या मधल्या बोळांतून जाणारी वाट. त्या अरुंद जागेत चेंडू वीतभर चुकला तर तो कोणाच्या तरी छपरावर जातो. अचूकतेची याहून कडक शाळा शोधून सापडणार नाही.

रांगोळीची रेघ

चार महिन्यांत एकच गोष्ट पक्की करायची म्हटलं तर ती ही: काठीने जमिनीला नेमकं कुठे शिवायचं. नवशिक्याचे बरेच फटके इथेच बिघडतात. चेंडू जमिनीवर पडलेला दिसतो आणि तो हवेत जायला हवा असतो, म्हणून माणूस नकळत त्याला खालून उचलायला जातो. वजन मागच्या पायावर राहतं, काठी चेंडूच्या मागे माती खाते किंवा वर येता येता चेंडूच्या डोक्यावर आपटते. वास्तविक उचलण्याचं काम काठीच्या पात्यावर सोपवलेलं असतं. सात नंबरच्या आयर्नचं पातं तीसेक अंशांनी मागे कललेलं असतं. खाली येणाऱ्या काठीने आधी चेंडू गाठला आणि मग जमीन, तर त्या उतारामुळे चेंडू आपोआप वर चढतो. पातं आणि चेंडू एकमेकांना भिडलेले असतात ते जेमतेम अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. तेवढ्या वेळात मनगट वळवून काही सावरता येत नाही. काठी खाली येतानाच सगळं ठरलेलं असतं.

ही सवय चेंडूशिवाय लावता येते. घरबांधणीतून उरलेली वाळू अंगणाच्या कोपऱ्यात किंवा धुऱ्याजवळ चार बोटं जाडीने पसरा. तीन हात लांब, दोन हात रुंद पट्टा पुरे. उघड्या काळ्या मातीवर हा सराव करू नका. हिवाळा सरत जातो तशी ती भेगाळून दगडासारखी होते आणि तिच्यावर आयर्न आपटलं की मनगट आणि कोपर दुखावतात. मातीवरच करायचा असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी टाका आणि वाफसा आला की उभे राहा. पट्ट्यावर रांगोळीची आडवी रेघ ओढा. रेघ दोन पायांच्या मधोमध येईल असे उभे राहा आणि काठी कमरेइतकीच मागे नेऊन सोडा. आता खाली पाहा. वाळूतला ओरखडा रेघेवर किंवा रेघेच्या पुढे, म्हणजे निशाणाच्या बाजूला, सुरू झाला तर फटका बरोबर. तो रेघेमागे सुरू झाला तर चेंडूआधी माती खाल्ली असती.

सुरुवातीला दहापैकी दोन-तीन ओरखडे पुढे पडतील. हरकत नाही. फटका संपताना मागची टाच उचललेली आणि सगळं वजन पुढच्या पायावर आलेलं असलं पाहिजे, एवढी एकच खूण सांभाळा. मागचा पाय उचलूनही तोल राहिला तर वजन नीट गेलं असं समजा. दहातले सात ओरखडे पुढे पडू लागेपर्यंत काठी खांद्यापर्यंत नेऊ नका.

त्याच ओरखड्याची दिशाही वाचता येते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा ओरखडा निशाणाच्या डावीकडे झुकलेला असेल तर काठी बाहेरून आत कापत येते आहे. पातं त्या वाटेच्या मानाने उघडं राहिलं की चेंडू हवेत उजवीकडे वळतो. यालाच स्लाइस म्हणतात, आणि नवशिक्यांत ती सगळ्यात जास्त दिसते. चेंडू सुटताना कुठे निघणार, ते मुख्यतः पात्याच्या तोंडावर ठरतं. पुढे किती वळणार, ते पात्याचं तोंड आणि काठीची वाट यांतल्या फरकावर. कास्तकार नांगराच्या तासावरून बैल कुठे ओढत होता ते सांगतो. वाळूतल्या ओरखड्यावरून तुम्हीही आपल्या काठीची वाट तशीच ओळखायला शिकाल.

या मेहनतीला आकड्यांचा आधार आहे. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी फटक्यांच्या मोठ्या नोंदी तपासून दाखवलं की चांगला आणि सामान्य खेळाडू यांच्या गुणांतल्या फरकाचा साधारण दोन तृतीयांश भाग १०० यार्डांहून लांबच्या फटक्यांत असतो. ‘फक्त पटिंग सुधारा, बाकी आपोआप होईल’ हा जुना सल्ला त्यामुळे अपुरा ठरतो. लांबचा फटका मात्र आधी रेघेवरच शिकायचा असतो.

अंगणातलं पटिंग

तरीही पटिंग रोज करायचं, कारण ते रोज करता येतं. ७२ पारच्या, म्हणजे १८ होलना मिळून ७२ फटके अपेक्षित असलेल्या मैदानात प्रत्येक होलमागे दोन याप्रमाणे ३६ फटके पटिंगचे धरलेले असतात, म्हणजे हिशेबाचा अर्धा भाग.

भारतातल्या अनेक मैदानांवर, विशेषतः छावण्यांमध्ये, पाण्याअभावी होलभोवती गवताऐवजी तेल घालून दाबलेल्या वाळूचा सपाट गोल केलेला असे. ग्रीनच्या जागी त्याला ‘ब्राउन’ म्हणत. आपलं शेणानं सारवलेलं अंगण हे त्या ब्राउनचंच घरगुती रूप समजा. झाडून घ्या, खडे वेचा, आणि चेंडू कसा घरंगळतो ते पाहा. अंगणात फरशी असेल तर चेंडू फार पळतो, म्हणून सतरंजी अंथरा.

गवंडी भिंतीसाठी दोरी ताणतो तशी दोन खिळ्यांच्या मध्ये तीन मीटर दोरी ताणा, जमिनीपासून वीतभर उंच. दोरीच्या बरोबर खाली चेंडू ठेवा आणि दुसऱ्या टोकाला निशाण. पटरचं तोंड दोरीला काटकोनात हवं. एका अंशाची चूक किती महाग पडते ते बघा: तीन मीटरवर एक अंश म्हणजे ५२ मिलिमीटर. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो, म्हणजे मध्यापासून काठ ५४ मिलिमीटरवर. डोळ्याला न दिसणारी एक अंशाची तिरीप चेंडूला थेट काठावर नेऊन ठेवते.

निशाण म्हणून पाणी प्यायचा स्टीलचा पेला आडवा ठेवा. त्याचं तोंड सात-साडेसात सेंटीमीटरचं, खऱ्या होलपेक्षा बरंच लहान. महिनाभर पेल्यावर सराव केलेल्या माणसाला मैदानावरचा होल मोठा वाटतो आणि हात सैल राहतात.

दिशेइतकंच महत्त्व वेगाला आहे. आधी नासामध्ये संशोधन केलेले आणि पुढे गोल्फचे प्रशिक्षक झालेले डेव्ह पेल्झ यांच्या मोजणीनुसार, चुकलेला चेंडू होलच्या पुढे सुमारे १७ इंच जाऊन थांबेल असा वेग सगळ्यात फायद्याचा. पेल्याच्या मागे साधारण हातभर अंतरावर विटेचा तुकडा ठेवा. चेंडू पेला चुकला तरी विटेच्या अलीकडे थांबला पाहिजे.

अपेक्षाही बेताची ठेवा. जगातले सर्वोत्तम व्यावसायिक खेळाडू आठ फुटांवरून जवळजवळ निम्मेच पट आत घालतात, आणि ३३ फुटांवरून त्यांना सरासरी दोन फटके लागतात. तुमचा आठ फुटांवरचा पट चुकला तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तीन फुटांवरचा मात्र चुकता कामा नये. रोज तीन फुटांवरून ओळीने २० पट घालूनच घरात जायचं. मध्ये एक चुकला की पुन्हा एकपासून.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, बंगळुरूची अदिती अशोक चौथी आली. कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. तिचे लांबचे फटके बाकीच्या आघाडीच्या खेळाडूंपेक्षा आखूड पडत होते, आणि तरी ती शेवटच्या दिवसापर्यंत पदकाच्या शर्यतीत राहिली ती पटरच्या जोरावर. त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांत पुण्याचा उदयन माने खेळला. भारतीय गोल्फ आता छावणीच्या कुंपणाबाहेर आलेला आहे.

खळ्यावरची चिप

चेंडू ग्रीनच्या काठाशी पडलेला असतो तेव्हा त्याला थोडं उचलून मग घरंगळू द्यायचं, ही चिप. खळ्याच्या जागेवर पाच, दहा आणि पंधरा पावलांवर तीन टोपल्या ठेवा. चेंडूखाली गोणपाटाची दुहेरी घडी घाला. पाय जवळ, वजन पुढच्या पायावर, मनगटं शांत. इथेही तोच नियम: आधी चेंडू, मग गोणपाट. रेघेवरचा धडाच लहान प्रमाणात गिरवायचा आहे.

या आखूड खेळाची ताकद बघायची असेल तर शिवशंकर प्रसाद चौरसिया यांच्याकडे बघावं. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना. चौरसिया यांचे वडील तिथे ग्रीनची निगा राखत. ते तिथेच बघून, उसन्या काठ्यांनी स्वतः शिकले. लांब मारण्याइतकी धिप्पाड शरीरयष्टी नव्हती, म्हणून होलच्या आसपासचा खेळ त्यांनी असा घोटला की २००८ साली दिल्लीत इंडियन मास्टर्स आणि पुढे २०१६ व २०१७ साली लागोपाठ इंडियन ओपन जिंकली.

एक सूचना जीव तोडून. खरा गोल्फचा चेंडू ४५.९३ ग्रॅमपर्यंत वजनाचा, टणक, आणि आयर्नने बसला की नवशिक्याच्याही हातून तो कवटी फोडू शकेल इतक्या वेगाने सुटतो. शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया असतात, धुऱ्यावर पोरं असतात, गुरं चरत असतात. वावर रिकामं दिसलं म्हणून पूर्ण स्विंगने खरा चेंडू मारायचा नाही, कधीच नाही. भोकांचा प्लास्टिकचा चेंडू वापरा, नाहीतर चिंध्या घट्ट बांधून करा. चिप आणि पटसाठी खरा चेंडू चालेल, तोही समोर कोणी नसताना.

चुकत शिकण्याची पद्धत

एकाच जागेवरून पन्नास चिपा मारल्या की शेवटच्या वीस छान जमतात आणि माणूस खुशीत घरी जातो. दुसऱ्या दिवशी ते गेलेलं असतं. १९७९ साली शी आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचाली शिकवण्याचा एक प्रयोग केला. एका गटाने एकेक हालचाल ओळीने घोटली, दुसऱ्याने तिन्ही मिसळून केल्या. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता. काही दिवसांनी तपासलं तेव्हा दुसऱ्या गटाच्या लक्षात जास्त राहिलं होतं. म्हणून हालचाल एकदा समजली की टोपल्या बदलत राहा: पाच पावलं, मग पंधरा, मग एक पट, मग दहा. प्रत्येक वेळी नव्याने विचार करावा लागतो, चुका जास्त होतात, आणि शिकलेलं टिकतं.

दुसरा प्रयोग थेट गोल्फचाच. १९९९ साली गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फ कधीच न खेळलेल्यांना छोटा पिच फटका शिकवला. काहींना स्वतःच्या हातांच्या हालचालीवर लक्ष ठेवायला सांगितलं, काहींना काठीच्या झोक्यावर. काठीकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके जास्त अचूक पडले. कोपर कुठे, मनगट कसं, खांदा किती वळला, असं मोजत बसू नका. रेघेकडे बघा, काठी तिथे पोचवा. शरीर आपली वाट शोधतं.

थंडी आणि अंग

जानेवारीत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, पण लगेच काठी उचलू नका. कमरेचं दुखणं गोल्फमध्ये फार आढळतं, आणि थंड, आखडलेल्या अंगाने दिलेला झटका त्याला आमंत्रण देतो. दहा मिनिटं भरभर चाला, काठी खांद्यावर आडवी धरून हळूहळू दोन्हीकडे वळा, मग लहान झोके घ्या. आठनंतरचं ऊन सगळ्यात चांगलं.

नागपूरकडे मैदानावर गेलात तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. थंड हवा जड असते. १० अंशांची हवा ४० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्के दाट, म्हणून सकाळी तोच फटका आखूड पडतो. जास्त जोर लावू नका. एक नंबर लांबची काठी घ्या. दवाने ओल्या ग्रीनवर चेंडू रेंगाळतो, आणि हरळीची वाढ थंडीत मंदावल्याने फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, चेंडू जवळजवळ उघड्या जमिनीवर बसलेला सापडतो. तिथे चेंडूमागे माती खाणारा फसतो आणि रेघेवर शिकलेला तरतो.

चार महिन्यांचा हिशेब

नोव्हेंबर फक्त रेघेचा आणि तीन फुटांच्या पटचा. पूर्ण स्विंग नाही. डिसेंबरात टोपल्या आणि दोरी वाढवा, कमरेऐवजी खांद्यापर्यंत काठी न्या. जानेवारीत सगळं मिसळा आणि प्लास्टिकच्या चेंडूवर पूर्ण स्विंग सुरू करा. शक्य असेल तर याच महिन्यात नागपूरला जाऊन जाणत्या प्रशिक्षकाला एकदा स्विंग दाखवा. पकड आणि उभं राहणं यांतली चूक आपली आपल्याला दिसत नाही. फेब्रुवारीत जवळच्या वायगावकडे हळदीची काढणी सुरू होते, तोवर मैदानावर एक पूर्ण फेरी खेळून या.

दोन-चार ओळींची वही ठेवा: तारीख, दहातले किती ओरखडे रेघेच्या पुढे, ओळीने किती पट, पंधरा पावलांच्या टोपलीत किती चिपा. आठवड्याने आकडा खाली आला तरी तो लिहाच. हँडिकॅपच्या जागतिक पद्धतीत, २०२० पासून, नवशिक्याला ५४ पर्यंत हँडिकॅप मिळतो. म्हणजे एका फेरीत प्रत्येक होलमागे तीन जादा फटके. नवखेपणाला या खेळाने नियमातच जागा करून दिलेली आहे, ती संकोच न करता घ्या.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी वाळू सारखी करा, नवी रेघ ओढा आणि दहा झोके घ्या. मग काठी बाजूला ठेवून वाकून मोजा. दहातले आठ ओरखडे रेघेच्या पुढे असतील तर तुमचा हिवाळा कारणी लागला, मग मैदानावरचा आकडा काहीही असो. सहाच असतील तर मार्चच्या सकाळी अजून थंड आहेत, आणि वाळू अंगणातच आहे.